नुशागाकच्या काठी, किंगच्या हंगामात

अलास्काच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात नुशागाक नावाची नदी आहे. सुमारे साडेचारशे किलोमीटर वाहत येऊन ती ब्रिस्टल बे या उपसागराला मिळते. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिच्या मुखातून किंग सॅमन आत शिरतो. पॅसिफिकमधल्या सॅमनच्या पाचही मोठ्या जाती या नदीत येतात, पण किंग त्यांत सर्वांत मोठा. १९६२ पासून तो अलास्काचा राज्यमासा आहे. गळाने धरलेल्या किंगचा विक्रम १९८५ सालचा, केनाई नदीतला : ९७ पौंड ४ औंस, म्हणजे ४४ किलो. नुशागाकचे किंग इतके मोठे नसतात. सात ते अकरा किलोंचा मासा तिथे चांगला समजतात.

मी सिएटलला राहते. मामा देवगडजवळच्या गावचा. उभं आयुष्य त्याने दर्यावर काढलं, आणि लहानपणी सुट्टीत गेले की मला खडपांवर गरवायला तोच घेऊन जायचा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या बंदीच्या काळात तो माझ्याकडे राहायला आला, आणि माझ्या मनात कधीपासून असलेली ही नदी आम्ही दोघांनी मिळून पाहायची ठरवली. एक गोष्ट निघण्याआधीच पक्की होती. किंग मिळाला तर तो सोडायचा. का, ते पुढे येईलच.

शनिवार : अँकरेज ते डिलिंगहॅम

अँकरेजहून डिलिंगहॅमला विमानाने सव्वा तास लागतो. दुसरा मार्ग नाहीच. डिलिंगहॅम जगाशी रस्त्याने जोडलेलं नाही. गावातून निघणारा एकच लांब रस्ता जवळच्या अलेक्नागिक गावापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. विमानातून आधी बर्फाचे डोंगर दिसले, मग ओली, हिरवी-तपकिरी सपाट जमीन आणि तिच्यात विखुरलेली असंख्य तळी.

गावाची वस्ती जेमतेम दोन-सव्वादोन हजार, पण जूनच्या शेवटी तिथे जागा पुरत नाही. ब्रिस्टल बेचा सॉकआय सॅमनचा हंगाम तोंडावर आलेला असतो. होड्या ठेवायच्या आवारात ओळीने होड्या उभ्या होत्या, सगळ्या आखूड आणि रुंद. कायद्याने इथल्या जाळ्याच्या होडीची लांबी ३२ फुटांपेक्षा जास्त असता कामा नये. १९५१ पर्यंत इथे इंजिनालाही बंदी होती, मासेमारी फक्त शिडाच्या होड्यांनी चालायची. हे आम्हाला सांगितलं ते एका बाईंनी. त्या होडीच्या सावलीत जाळं सांधत बसल्या होत्या, आणि त्यांचे आजोबा त्याच शिडाच्या होड्यांवर होते.

मामा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिला. इंग्रजी त्याला फारसं येत नाही. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला. बाईंनी क्षणभर विचार केला आणि जाळ्याची सुई त्याच्या हातात दिली. मामाने फाटलेल्या दोन-तीन घरांची गाठ मारली. बाईंनी ती ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली आणि शेजारचं उलटं खोकं त्याच्याकडे सरकवलं. मग तासभर दोघं सांधत होते. मी मध्ये बसून भाषांतर करायला तयार होते, पण त्यांना माझी फारशी गरज पडली नाही. फक्त एकदा मामाने विचारायला लावलं, की इथे भरती किती चढते. सहा मीटरच्या आसपास, बाई म्हणाल्या. मामाने मला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. आपल्या कोकणात भरती-ओहोटीचा फरक अडीच-तीन मीटरचा.

ब्रिस्टल बेवरचा पहिला सॅमनचा डबाबंद कारखाना १८८४ मध्ये याच नदीच्या मुखाशी उभा राहिला. म्हणजे हा सगळा धंदा इथून सुरू झाला. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तेव्हा ओहोटी होती आणि करड्या चिखलाचा पट्टा लांबवर उघडा पडला होता.

जाणाऱ्यांसाठी इथेच दोन-चार गोष्टी सांगते. मासेमारीचा परवाना आणि किंगचा वेगळा शिक्का, दोन्ही अलास्काच्या मत्स्य विभागाच्या संकेतस्थळावरून आधीच काढून ठेवा. पाण्यात उतरायच्या बुटांना नमद्याचा तळवा असेल तर ते घरीच राहू द्या. एका नदीतली कीड-शेवाळं दुसऱ्या नदीत जाऊ नयेत म्हणून अलास्कात त्यांना बंदी आहे, रबरी तळवे लागतात. किराणा शक्यतो अँकरेजला घ्या. डिलिंगहॅमला प्रत्येक वस्तू विमानाने किंवा बार्जने येते आणि किमतीत ते दिसतं.

रविवार : नदीवर

सकाळी धुकं. पाण्यावर उतरणारी छोटी विमानं गावाबाहेरच्या तळ्यावरून सुटतात, आणि समोरचा काठ दिसल्याशिवाय वैमानिक हलत नाही. दुपारपर्यंत बसून राहिलो. या भागात एक दिवस हाताशी मोकळा ठेवावाच. सामान मऊ पिशव्यांत भरा आणि वजन कमी ठेवा, कारण विमानात चढण्याआधी सामानच नव्हे, माणसंही तोलली जातात.

धुकं उठलं आणि आम्ही उडालो. वैमानिकाने मुद्दाम एक वळसा खाडीवरून घेतला आणि खाली बोट दाखवलं. गढूळ पाण्यात पांढऱ्या पाठी वर येत होत्या आणि बुडत होत्या. बेलुगा. भरतीबरोबर आत येणाऱ्या माशांच्या मागे हे पांढरे देवमासे येतात. मामाने कपाळ काचेला टेकवलं ते विमान वळेपर्यंत काढलं नाही.

कॅम्प पोर्टेज क्रीकच्या बाजूला, नदीच्या खालच्या टप्प्यात होता. पोर्टेज क्रीक हे युपिक लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं गाव. आता तिथे जवळजवळ कोणी राहत नाही. लाकडी फळ्यांवर उभारलेले तंबू, एक स्वयंपाकाचा मोठा तंबू, आणि भोवती अस्वलांसाठी विजेची तार. इथली काठाची जमीन बहुतेक खासगी आहे. १९७१ च्या कायद्याने अलास्काच्या मूळ रहिवाशांच्या गावोगावी कंपन्या स्थापन झाल्या, आणि या पट्ट्यातली जमीन चोग्गियुंग लिमिटेड या कंपनीची आहे. स्वतंत्रपणे जाऊन काठावर तंबू टाकायचा असेल तर तिची परवानगी लागते. नदी सगळ्यांची आहे म्हणून काठही सगळ्यांचा, असं धरून चालू नका.

आमचा वाटाड्या मोंटानाचा एक तरुण मुलगा होता, उन्हाळ्यापुरता इथे येणारा. कमी बोलायचा, पण बोलला की नेमकं. संध्याकाळी त्याने आम्हाला पद्धत समजावली. होडीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करायचं. इंजिन इतकंच चालवायचं, की होडी प्रवाहाबरोबर खाली घसरत जाईल, पण पाण्यापेक्षा सावकाश. मागे सोडलेलं आमिष, म्हणजे केळ्याच्या आकाराचा रंगीत प्लास्टिकचा प्लग, त्यामुळे पाण्याच्या दाबाने खाली बुडतो आणि तळाजवळ डोलत राहतो. वर चढणारा किंग प्रवाहाचा जोर टाळत काठाकाठाने, तळाला धरून येतो. त्याच्या वाटेवर हा प्लग हळूहळू मागे सरकत जातो. नदीत शिरल्यावर सॅमन खात नाही. तो तोंड मारतो ते रागाने किंवा समुद्रातल्या जुन्या सवयीने.

खाऱ्या मिठात मुरवलेली सॅमनची अंडी लावूनही इथे गरवतात, पण आम्ही असं खरं आमिष न लावता नुसत्या प्लगनेच गरवत होतो. गाबोळी गळाला लावतात, हे ऐकून मामा खरोखर दुखावला. "गाबोळी खावची सोडून गळाक लावतत?" त्याने दोनदा विचारलं.

त्या संध्याकाळी गळाला चम सॅमन लागले, अंगावर जांभळे पट्टे असलेले, दांडगे. किंग नाही. रात्रीचे अकरा वाजले तरी ऊन होतं. तिथे जूनच्या शेवटी सूर्य मध्यरात्रीच्या जरा आधी बुडतो आणि पाचच्या सुमारास उगवतो. मधल्या वेळात काळोख होतच नाही. डोळ्यांवर बांधायला जाड कापड न्या.

सोमवार : पाऊस

दिवसभर पाऊस आणि वारा. तापमान दहा अंशांच्या आसपास, पण ओल्या वाऱ्यात त्याहून बरंच गार वाटत होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत होडीत बसलो आणि एकदाही काठी वाकली नाही.

अशा दिवशीच ही नदी समजते. होडी घसरत खाली यायची, मग इंजिन वाढवून वर जायचं, पुन्हा घसरत खाली. दुपारी वाटाड्याने होडी एका ठिकाणी काठाशी लावली आणि समोरच्या बाजूचे तंबू दाखवले. तिथे मत्स्य विभागाचं सोनार आहे. पाण्यात ध्वनिलहरी सोडून वर जाणारे मासे मोजतात आणि कोणत्या जातीचे किती, हे ठरवायला चाचणीची जाळी टाकतात. मधल्या खोल पात्रातून जाणारे किंग या मोजणीतून निसटतात, त्यामुळे आकडा नेमका नसतो. पण दर वर्षी त्याच जागी, त्याच रीतीने मोजतात, म्हणून चढ-उतार कळतो.

आणि हा आकडा उतरतो आहे. दर हंगामात ५५ हजार ते १ लाख २० हजार किंग सोनार ओलांडून अंडी घालायला वर गेले पाहिजेत, असं उद्दिष्ट आहे. अलीकडच्या बऱ्याच वर्षांत खालची मर्यादाही गाठली गेली नाही. २०२२-२३ मध्ये राज्याने नुशागाकचा किंग अधिकृतपणे चिंतेचा साठा ठरवला. गंमत नव्हे, खरं दुःख असं, की त्याच काळात सॉकआय मात्र उदंड आला. २०२२ मध्ये ब्रिस्टल बेला सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकआय परतले. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तो विक्रम. एकाच पाण्यात एक जात भरभराटीला आणि दुसरी ओसरणीला. आणि दोन्ही एकाच वेळी मुखाशी येतात, म्हणून सॉकआयसाठी टाकलेल्या जाळ्यात किंगही सापडतो. जाळी थांबवली तर होडीवाल्यांचं वर्ष बुडतं, चालू ठेवली तर किंग.

ही गोष्ट एकट्या नुशागाकची नाही. युकॉन नदीतला किंग इतका घटला, की एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने सात वर्षं तो धरायचाच नाही असा करार केला. सात वर्षं म्हणजे किंगचं एक पूर्ण आयुष्य. खडीत घातलेल्या अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू साधारण वर्षभर नदीत काढतं, मग समुद्रात जातं, तिथे काही वर्षं वाढतं, आणि जन्माच्या पाण्यात परतून अंडी घालून मरतं. पूर्वी सहा-सात वर्षांचे मोठे मासे बरेच परतायचे. आता परतणारे मासे वयाने आणि आकाराने लहान आहेत. मोठ्या मादीच्या पोटात अंडी जास्त, म्हणून नुसती संख्या सांगून नुकसान पुरतं कळत नाही. कारणं बरीच सांगितली जातात : तापणारा समुद्र, समुद्रातली स्पर्धा, खोल समुद्रातल्या जाळ्यांत सापडणारे मासे. एकच कारण कोणी बोट ठेवून दाखवलेलं नाही.

मामा हे सगळं ऐकत होता. मी तुकड्यातुकड्यांनी सांगत होते. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "आमच्याकडे कोण मोजता?" मला उत्तर देता आलं नाही.

मंगळवार : मासा

पहाटे वारा नैर्ऋत्येचा झाला होता. वाटाड्या खुशीत होता, कारण या वाऱ्याने आणि रात्रीच्या मोठ्या भरतीने मुखाशी थांबलेले मासे आत ढकलले जातात, असा इथला अनुभव. मुखाशी भरती झाल्यावर काही तासांनी ते आमच्या टप्प्यापर्यंत यायला हवेत.

नऊच्या सुमारास माझ्या काठीचं टोक दोनदा थरथरलं. काठी ताबडतोब उचलायची नाही, हे आम्हाला बजावलं होतं. पहिले धक्के नुसते चाचपण्याचे असतात. तेव्हा ओढलं तर प्लग तोंडातून सुटतो. मी हात मांडीवर ठेवून बसले. मग काठी एकदम वाकली ती थेट पाण्याला टेकली आणि रीळ किंचाळायला लागलं.

किंग उड्या मारण्यात फार शक्ती घालवत नाही. तो खाली बसतो. तळाला जाऊन डोकं हलवतो, ते हलणं दोरीतून खांद्यापर्यंत येतं, आणि मग एकाएकी प्रवाहाबरोबर सुटतो. वाटाड्याने होडी वळवून त्याच्या मागे सोडली. मी घाईने रीळ फिरवायला गेले तसा मामा मागून म्हणाला, "तेका पळूक दी. दोरी सैल सोड." देवगडच्या खडपांवर तो हेच सांगायचा, फक्त तिथे समोर पालू किंवा तांबोशी असायची. मी सोडली. मासा गेला, थांबला, मी थोडं आत घेतलं, तो पुन्हा गेला. हात भरून आले, पण मला ते थांबायला नको होतं.

शेवटी तो होडीच्या कडेला वर आला. पाठ निळसर हिरवी, कुशी चांदीच्या, त्यावर जांभळ्या रंगाची झाक. शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर काळे ठिपके आणि तोंडात काळ्या हिरड्या. किंग ओळखायच्या या दोन खुणा. शेपटीजवळ समुद्री उवा चिकटलेल्या होत्या. गोड्या पाण्यात त्या फार दिवस टिकत नाहीत, म्हणजे हा नुकताच समुद्रातून आला होता. वाटाड्याच्या अंदाजाने दहा किलो.

सोडायचा मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, हा कॅम्पचा नियम होता आणि मला तो पूर्ण पटतो. मांडीवर मासा घेऊन काढलेल्या फोटोसाठी त्याला जो अर्धा मिनिट श्वास मिळत नाही, तो त्याला पुढच्या प्रवासात महागात पडतो. रबरी जाळ्यात तो पाण्यातच राहिला. चिमट्याने गळ काढला. मी शेपटीच्या देठाला धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे करून ठेवलं. कल्ले हलत होते. हाताखाली त्याचं अंग कडक, गार आणि जिवंत होतं. मग त्याने एक झटका दिला आणि माझा हात रिकामा झाला.

दुपारनंतर मामालाही लागला, माझ्याहून मोठा. मामा रीळ वापरायला तसा नवखा, पण दोरीवर मासा कधी थकला हे त्याला बोटांतून कळतं. वाटाड्या त्याच्याकडे बघून नुसता मान डोलवत होता. मासा कडेला आल्यावर मामाने हात पाण्यात घातला, त्याच्या पाठीवरून एकदा फिरवला आणि गळ काढायला स्वतःच वाकला. आयुष्यभर मिळालेली मासळी घरी नेणारा हा माणूस. सोडताना त्याच्या तोंडावर नाराजी असेल असं मला वाटलं होतं. नव्हती. "मादी आसा," एवढंच तो म्हणाला. "जाऊ दे वर."

बुधवार : काठावरची माणसं

या दिवशी काठी हातात घेतलीच नाही, आणि सगळ्या प्रवासात हाच दिवस मला सर्वांत मोलाचा वाटतो.

नदीच्या खालच्या अंगाला युपिक कुटुंबांचे मासळीचे कॅम्प आहेत. न्यू स्तुयाहोक, एक्वोक अशा वरच्या गावांतली कुटुंबं जूनमध्ये तिथे उतरतात, जाळी लावतात आणि वर्षभराची मासळी सुकवून, धुरावून नेतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे. अलास्काच्या कायद्यात १९७८ पासून पोटासाठीच्या मासेमारीला पहिला हक्क आहे; मासळी कमी पडली तर आधी बाकीच्यांचं बंद होतं. असंच असायला हवं. आमच्यासारख्यांनी किंग सोडावा, असं मी म्हणते त्याचं अर्धं कारण वर जाणाऱ्या माद्या आहेत आणि अर्धं कारण हे कॅम्प.

आमच्या वाटाड्याची एका कुटुंबाशी ओळख होती. त्यांना इंधनाचे डबे पोचवायचे होते. आम्हाला बरोबर आणू का, हे त्याने आदल्या दिवशीच विचारून घेतलं होतं. न विचारता अशा कॅम्पवर उतरू नये आणि न विचारता फोटो तर मुळीच काढू नयेत.

काठावर पत्र्याचं धुराचं घर, त्याच्या शेजारी आडव्या बल्ल्यांचे मांडव, त्यावर लाल मांसाच्या पट्ट्या लोंबत होत्या. बहुतेक सॉकआय, थोडा किंग. सत्तरीच्या एक आजी पाट घेऊन बसल्या होत्या. हातात अर्धगोल पात्याची उलुआक. कल्ल्याजवळ एक चीर, मग पाठीच्या कण्याला धरून शेपटीपर्यंत सरळ एक फेर, उलटवून दुसरा फेर, आणि काटा बाजूला. काट्यावर मांसाचा कण उरला नव्हता. मामा खाली बसला. त्याची बायको, माझी मामी, अडाळ्यावर सुरमई अशीच सहज उलगडते. आजींनी त्याला दुसरी उलुआक दिली. त्याचा पहिला मासा वाकडा कापला गेला, आजींनी तो काही न बोलता नीट केला आणि पुढचा मासा दिला.

पट्ट्या खारट पाण्यातून काढून आधी वाऱ्यावर सुकवतात, पृष्ठभाग कोरडा पडला की धुराच्या घरात नेतात आणि आल्डर किंवा कॉटनवुडचा मंद धूर देतात. पेटती आग नको, नुसता धूर. सगळ्यात मोठा शत्रू पाऊस. सोमवारचा पाऊस त्यांनी मांडवावर ताडपत्री ओढून काढला होता. हे सांगितल्यावर मामाने मोठा सुस्कारा सोडला. "हयसर पण पाऊस इलो की सुक्या मासळेचा वाटोळा." मी ते इंग्रजीत सांगितलं. आजी पहिल्यांदा हसल्या.

त्यांनी सांगितलं, त्या मुलगी होत्या तेव्हा हे मांडव किंगने भरायचे आणि सॉकआय नंतर यायचा. आता किंग घरच्या म्हाताऱ्यांना आणि सणासमारंभाला पुरेल इतकाच घेतात. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण नातवाकडे बघून त्या म्हणाल्या, की याला किंगचं डोकं खायची सवय लागायला हवी, ती लहानपणीच लागते.

मग खाणं आलं. धुरावलेल्या किंगची पट्टी, आणि बरोबर पायलट ब्रेड, ती जाड, टणक, बिनसाखरेची बिस्किटं जी ग्रामीण अलास्कात घरोघरी असतात. किंगची पट्टी बाहेरून चामड्यासारखी आणि आतून तेलाने ओथंबलेली. चावत राहिलं की आधी धूर, मग मीठ आणि शेवटी गोडसर चव येते. मी आजवर खाल्लेल्या सुक्या मासळीत याच्या जवळपास काही नाही, आणि मी कोकणातली आहे. त्यानंतर अकुताक : घोटलेल्या चरबीत बेरी आणि साखर घालून केलेलं, थंड आणि जड. मामाने वाटी पुसून खाल्ली.

निघताना मामाने खिशातून कोकमाची पुडी काढली. सोलं आजींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी वास घेतला, एक जिभेवर ठेवलं, डोळे बारीक केले आणि पुडी घडी घालून खिशात ठेवली. आम्हाला एक पिशवी भरून पट्ट्या दिल्या. आम्ही "क्वयाना" म्हणालो. युपिक लोक आभार असे मानतात. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी ऑगस्टात या, तेव्हा बेरी पिकलेल्या असतात.

गुरुवार : तिखलं

सकाळी काठावरच्या चिखलात अस्वलाच्या ताज्या पावलांचे ठसे होते, तारेपासून फार तर पन्नास पावलांवर. रात्री कोणालाही काही ऐकू आलं नव्हतं. तंबूत खाण्याची वस्तू, टूथपेस्टसुद्धा, ठेवू नका असं बजावतात ते पाळा. डासांबद्दलही एक शब्द : वारा पडला की ते ढगाने येतात, आणि बारीक पांढऱ्या पायांच्या माश्या त्याहून वाईट. डोक्यावरून घ्यायची जाळी विसरू नका.

दुपारी आम्ही सॉकआय धरले. हे ठेवायला हरकत नव्हती. संध्याकाळी मामाने कॅम्पच्या स्वयंपाकीणबाईंकडे चुलीची परवानगी मागितली. त्याच्या पिशवीत मालवणी मसाला होता, तिरफळं होती, कोकमं होती, आणि अँकरेजला घेतलेला नारळाच्या दुधाचा डबा. सॉकआयच्या डोक्यांचं आणि पोटाच्या तुकड्यांचं तिरफळ घालून तिखलं, आणि बाकीच्या तुकड्यांची नारळाच्या दुधातली आमटी. सॉकआयचं मांस घट्ट आणि तेलकट, त्यामुळे त्याला बांगड्यापेक्षा आंबट जास्त लागतं. मामाने चव घेऊन आणखी चार कोकमं टाकली. बाई बाजूला उभ्या राहून वहीत लिहून घेत होत्या. इतर पाहुण्यांनी आधी आमटी घेतली आणि मग डोक्यांकडे वळले. वाटाड्या तीनदा भात वाढून घ्यायला उठला.

त्या रात्री होडीवाल्यांच्या गप्पांत पेबल खाणीचा विषय निघाला. नुशागाकची एक उपनदी मुलचाट्ना, तिची उपनदी कोक्टुली, आणि कोक्टुलीच्या उगमाजवळ तांबं-सोन्याचा प्रचंड साठा आहे. तिथे खाण काढायचा बेत वर्षानुवर्षं चालू होता. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने स्वच्छ पाण्याच्या कायद्याखाली त्याला मनाई केली. कोर्टातलं भांडण त्यानंतरही चालू राहिलं. इथल्या होडीवाल्यांत, कॅम्पवाल्यांत आणि गावातल्या बहुतेक लोकांत एरवी माशांच्या वाटणीवरून मतभेद आहेत, पण खाणीविरुद्ध ते एकत्र उभे राहिले. आम्ही मंगळवारी सोडलेल्या माद्या कदाचित त्याच कोक्टुलीच्या खडीत अंडी घालायला निघाल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं, आणि मामालाही मी तिथेच नकाशावर दाखवलं.

शुक्रवार : परत

आकाश स्वच्छ, विमान वेळेवर. डिलिंगहॅमला उतरल्यावर मामा आधी होड्यांच्या आवारात गेला. जाळंवाल्या बाईंची होडी पाण्यात उतरली होती, जागा रिकामी होती.

तुम्हाला जायचं असेल तर तिकिटं काढण्याआधी मत्स्य विभागाचे त्या वर्षीचे आदेश वाचा. किंगचे नियम ऐन हंगामात, सोनारचा आकडा बघून, बदलतात. कधी आमिष बंद होतं, कधी ठेवणं बंद, कधी मासेमारीच. कॅम्पवाल्याला फोन करून विचारा, की नियम बदलला तर पैशांचं काय, आणि किंग ते कसे सोडतात. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर दुसरा कॅम्प बघा. आणि किंग बंद असेल तर रद्द करू नका. जुलैत सॉकआय असतो, ऑगस्टात कोहो येतो, जो गळावर उड्या मारतो आणि खायलाही उत्तम. मामाने पुढच्या खेपेसाठी ऑगस्टच धरला आहे, बंदी उठून होड्या समुद्रात गेल्यावर पहिला आठवडा गावी काढून मग येतो म्हणाला.